आमटीत सफरचंद

जपानी हॉटेलाच्या मेन्यूकार्डावर करी शोधायची असेल तर ती ऑम्लेट, क्रोकेट आणि कटलेटच्या रांगेत पाहावी. तिथे ती विलायती पदार्थ म्हणून शंभराहून जास्त वर्षं सुखाने नांदते आहे. जगातल्या प्रत्येक रश्श्यावर वडिलोपार्जित हक्क सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना हे लागतं. पण त्यात जपानी माणसाचा दोष नाही. करी त्याच्या दारात आली ती इंग्रजाच्या बोटीतून, इंग्रजाच्या डब्यातून आणि इंग्रजाच्याच चमच्याने. टाय लावून ‘गुड मॉर्निंग’ करत कोणी दारात उभा राहिला, तर त्याचं मूळ गाव सातारा का, हे कोण विचारत बसतं?

तो डबाही नीट बघण्यासारखा आहे. इंग्रज अंमलदार कलकत्त्याला किंवा मद्रासला नोकरी करून मायदेशी परतला, की त्याला खानसाम्याच्या हातची चव आठवायची. पाटा-वरवंटा काही मेमसाहेबांच्याने उचलवत नव्हता. मग तिथल्या व्यापाऱ्यांनी धने, हळद, जिरं, मेथी, मिरी असं सगळं एकत्र दळून ‘करी पावडर’ म्हणून विकायला काढलं. हिंदुस्थानातल्या कुठल्याही घरात नसलेला हा मसाला हिंदुस्थानचा म्हणून जगभर फिरला. कोकणातली बाई माशाला एक वाटण लावते, कोंबडीला दुसरं आणि वालाच्या बिरड्याला तिसरं; विलायती डब्याने तिघांनाही एकच न्याय दिला. शिवाय रस्सा दाट व्हायला ना खोबरं, ना दाण्याचं कूट. लोण्यात परतलेला मैदा! क्रॉस अँड ब्लॅकवेल कंपनीचा असला मसाला मेजी काळात जपानात पोचला, तोवर करीची बोली, कपडे आणि नातेवाईक सगळंच बदललेलं होतं.

पहिली भेट काही प्रेमाची झाली नाही. १८७१ मध्ये यामाकावा केन्जिरो नावाचा सोळा वर्षांचा मुलगा शिकायला अमेरिकेला निघाला. बोटीवरचं विलायती जेवण त्याच्या घशाखाली उतरेना. त्यातल्या त्यात भाताबरोबर येणारा एक पदार्थ दिसला म्हणून त्याने तो मागवला, वरचं पिवळं प्रकरण बाजूला सारलं आणि नुसता भात खाल्ला. परदेशवारीत दहीभाताच्या शोधात व्याकूळ होणाऱ्या तमाम मराठी पर्यटकांनी या मुलाचा फोटो बॅगेत ठेवायला हरकत नाही. पुढे तो पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला, टोकियोच्या शाही विद्यापीठाचा अध्यक्षही झाला. समोर आलेला पदार्थ मात्र त्याने त्या दिवशी तपासला नाही.

पुढच्याच वर्षी विलायती स्वयंपाकाची दोन जपानी पुस्तकं निघाली आणि दोन्हींत करी होती. त्यातल्या एका कृतीच्या सामग्रीत कोंबडी, कोळंबी, मासा आणि कालवं यांच्या जोडीला बेडूक आहे. यथावकाश बेडूक उडी मारून निघून गेला. त्याच्या जागी बटाटा, गाजर आणि कांदा आले, आणि हे त्रिकूट आजतागायत जागचं हललेलं नाही.

करीचं बस्तान बसवण्यात जपानी आरमाराचा हात मोठा. हे आरमार इंग्रजी आरमाराच्या नमुन्यावर बांधलेलं, आणि त्यातले खलाशी पांढऱ्या भाताला आसुसलेले. घरी तो रोज मिळत नसे, म्हणून बोटीवर मिळाला की ते भातावर भात खात आणि बेरीबेरीने आजारी पडत. १८८२-८३ च्या सफरीत ‘र्‍युजो’ जहाजावरच्या ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ दगावले. लंडनला शिकून आलेले आरमारी डॉक्टर ताकाकी कानेहिरो म्हणाले, गडबड जेवणात आहे. १८८४ मध्ये त्यांनी त्याच मार्गाने दुसरं जहाज पाठवलं, आहार बदलून. या वेळी बेरीबेरीने कोणी दगावलं नाही. ताकाकींना वाटलं प्रथिनं कमी पडत होती. खरी उणीव जीवनसत्त्वाची होती, आणि तो शोध लागायला अजून अवकाश होता. निदान चुकलं पण पथ्य लागू पडलं. याच्या उलटे डॉक्टर आपण नेहमी पाहतो.

आता पाव आणि मांस खा म्हटलं तर खलाशी नाकं मुरडणार. पण तेच मांस, बटाटे, गाजरं करी पावडर आणि मैदा लावून भातावर ओतलं, की ताट स्वच्छ. १९०८ च्या आरमारी पाकपुस्तकात याची कृती रीतसर छापली आहे, आणि सोबत चटणी वाढावी असंही सांगितलं आहे. चटणी जपानात कुठून आणायची? म्हणून पुढे ‘फुकुजिनझुके’ नावाचं गोडसर, लालसर लोणचं करीच्या कडेला येऊन बसलं ते बसलंच.

आजही जपानच्या सागरी दलात दर शुक्रवारी करी असते. समुद्रावर सगळे दिवस सारखेच, तेव्हा वार कळावा म्हणून ही सोय, असं सांगतात. आपल्याकडे वार कळायला उपास असतात. त्यांना जेवणाने वार कळतो, आपल्याला न जेवण्याने. तेही साबुदाण्याची खिचडी ओरपून. त्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा, तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. उपासाच्या देवांनी त्यांना कधी पासपोर्ट विचारला नाही.

योकोसुका या आरमारी बंदराने तर १९९९ मध्ये स्वतःला करीचं गाव म्हणून जाहीर केलं. तिथे ‘आरमारी करी’ मागवली की सोबत सॅलड आणि दुधाचा पेला येतो. मांसाच्या रश्श्यावर दूध! आमची आजी तिथे असती तर ‘विरुद्ध अन्न, अंगावर उठेल’ म्हणत तिने अख्ख्या आरमाराचा पेला काढून घेतला असता.

पण जपानी करी खरी भेटते ती घरात, आणि ती वडीच्या रूपात भेटते. पुठ्ठ्याचं खोकं, आत प्लास्टिकचा ट्रे, त्यात चॉकलेटसारख्या दिसणाऱ्या तपकिरी चौकोनी वड्या. मैदा, चरबी किंवा तेल, मसाला, मीठ, साखर सगळं त्यात आलं. कांदा, बटाटा, गाजर आणि मांस परतायचं, पाणी घालून शिजवायचं, गॅस बंद करायचा आणि वड्या मोडून आत टाकायच्या. गॅस बंद करणं महत्त्वाचं, नाहीतर गुठळ्या होतात. मग पुन्हा मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी पातेल्यात गढूळ पाणी दिसतं, आणि पाहता पाहता चकचकीत, दाट, चमच्याला धरून राहणारा रस्सा तयार. मोहरी तडतडत नाही, हिंग जळत नाही, घरातल्या कोणाला ठसका लागत नाही, शेजारणीला वास येत नाही. आपल्याकडे एवढ्या शांततेत फक्त मुलगी दाखवायचा कार्यक्रम होतो.

खोक्यावर गोडसर, मध्यम आणि तिखट असं लिहिलेलं असतं. यातली ‘तिखट’ वडी खाऊन पुण्याचा माणूस ‘छान, बेताची आहे’ म्हणेल आणि कोल्हापूरचा माणूस तिखट कुठल्या डब्यात ठेवलंय हे बघायला उठून स्वयंपाकघरात जाईल. सगळ्यांत लाडकी वडी ‘व्हरमाँट करी’. ही १९६३ मध्ये बाजारात आली, मुलांनाही खाता यावी म्हणून गोडसर केलेली, आणि तिच्यात सफरचंद आणि मध. व्हरमाँट हे अमेरिकेतलं राज्य. तिथल्या सफरचंदाचं व्हिनेगर आणि मध घेतला की प्रकृती ठणठणीत राहते, अशी एक टूम त्या काळी जपानात आली होती. तिचं नाव वडीला मिळालं. भारतातली करी, इंग्रजांची पावडर, फ्रेंचांची मैदा परतायची रीत, अमेरिकेचं नाव आणि जपानचा कारखाना. पाच वर्षांनी त्याच कंपनीने मोठ्यांसाठी तिखट वडी काढली, तिचं नाव ‘जावा’. नकाशावर बोट ठेवून नावं काढत असावेत.

सफरचंदाचं ऐकून आपण हसतो खरे, पण हसण्याचा हक्क आपल्यापैकी सगळ्यांना नाही. जिच्या आमटीत चिंच आणि गूळ पडतो, जिच्या वांग्याच्या भाजीत ‘कळत नाही इतकीच’ साखर असते, तिने व्हरमाँटच्या खोक्याला बोट दाखवू नये. विदर्भातल्या, खानदेशातल्या माणसाने दाखवावं, त्याला शोभतं.

शिवाय जपानी गृहिणी कंपनीच्या वडीवर समाधानी असते असं थोडंच आहे. प्रत्येकीचं एक गुपित असतं. कोणी चॉकलेटचा तुकडा टाकते, कोणी चमचाभर इन्स्टंट कॉफी, कोणी सोया सॉस, कोणी केचप. या गुपित चवीला तिथे मान आहे, आणि ती विचारल्याबरोबर सांगायची नसते. हे वाचून मला एकदम त्या घरी गेल्यासारखं वाटलं. ‘काही विशेष नाही हो, नेहमीचाच मसाला’ असं म्हणत दगडफूल खाली लपवणाऱ्या सगळ्या काकू मला दिसू लागल्या.

दुसरं साम्य शिळ्याचं. करी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, असं जपानी माणूस ठामपणे सांगतो. तिकडचे आरोग्यवाले बजावत असतात, की पातेलं रात्रभर बाहेर ठेवू नका, उकळीलाही दाद न देणारे जंतू त्यात वाढतात. लोक ऐकून घेतात आणि सकाळी झाकण काढून बघतात. उरलीसुरली करी उदोनच्या जाड शेवयांवर ओततात. फोडणीच्या पोळीसाठी मुद्दाम चार पोळ्या जास्त लाटणाऱ्या समाजाला हे समजावून सांगायची गरज नाही. ज्यांना पातेलं ठेवायचंही सुख नको, त्यांच्यासाठी १९६८ मध्ये ‘बोन करी’ निघाली: पिशवी गरम पाण्यात बुडवा आणि भातावर ओता. ही पिशवी काढणारा उद्योगसमूह सलाइनच्या बाटल्या बनवण्यातला. निर्जंतुक करायची तीच विद्या त्याने करीला लावली. आजाऱ्याला शिरेतून आणि निरोग्याला तोंडातून, धंदा दोन्हीकडून.

या सगळ्या शांततेत एका हिंदी माणसाने मात्र आवाज चढवला. दिल्लीत १९१२ मध्ये व्हाइसरॉय हार्डिंगवर बाँब पडला, त्या कटातले रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानला निसटले. इंग्रजांनी त्यांना हद्दपार करायचा आग्रह धरला, तेव्हा टोकियोत शिंजुकूच्या नाकामुराया बेकरीच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, त्यांना लपवून ठेवलं. पुढे त्यांच्याच मुलीशी, तोशिकोशी, १९१८ मध्ये बोसांचं लग्न झालं. माणूस परागंदा झाला, वेषांतर केलं, सतत घरं बदलली, हे सगळं त्याने सोसलं. पण मैदा लावलेली करी? ती नाही सोसवली. बोसांचं म्हणणं, ही करीच नव्हे. १९२७ मध्ये नाकामुरायाने उपाहारगृह काढलं तेव्हा त्यांनी सासऱ्यांच्या यादीत ‘शुद्ध हिंदी करी’ घालायला लावली: कोंबडी हाडासकट, मसाला खरा, मैदा नाही. ज्या साम्राज्याशी झगडा होता, त्याच साम्राज्याची पावडर आणि मैदा सासरच्या ताटात आला होता. इंग्रजांविरुद्धची ही दुसरी आघाडी बोसांनी पातेल्यात उघडली आणि, पहिलीपेक्षा लवकर, जिंकली. इतरत्र दहा-बारा सेनला मिळणारी करी इथे ऐंशी सेनला होती. सुरुवातीला गिऱ्हाइकं हाडं बघून बिचकली, पण पुढे रांगा लागल्या. ती करी नाकामुरायात अजून मिळते.

मला बोसांचा हा त्रागा फार आवडतो, कारण तो प्रत्येक घरात चालतो. पदार्थाचं कौतुक पाहुणाही करतो. पण ‘असं नसतं करायचं’ म्हणून चिडतो तो घरचा माणूस. आज गंमत अशी, की जपानी माणूसही करीवरून असाच चिडतो. भात डावीकडे की उजवीकडे, यावर त्याचं मत असतं. करी-भात कालवून खावा का, यावर तर मतभेद फारच. सभ्य माणूस चमच्याने कडेकडेने, भाताची आणि रश्श्याची सीमारेषा राखत खातो. पण ओसाकात ‘जियुकेन’ नावाचं १९१० चं हॉटेल आहे, तिथे करी आधीच भातात कालवून येते आणि वर मधोमध कच्चं अंडं. भात गरम ठेवायची सोय नव्हती म्हणून गरम रश्श्यात कालवून द्यायला लागले, असं ते सांगतात. ओसाकाकर त्यावर जीव टाकतात आणि टोकियोकर दुरून बघतात. आपण बोटांनी भात कालवणारी माणसं. आपला कौल ओसाकाला.

आपल्यालाही चिडणारे असणारच. चीनमधल्या माणसाने मुंबईच्या नाक्यावरची लाल गाडी बघितली तर त्याचं काय होत असेल? १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी एका गिऱ्हाइकासाठी आलं, लसूण आणि हिरवी मिरची परतली, आणि जिथे गरम मसाला पडायचा तिथे सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घातलं. तेच चिकन मंच्युरियन. मांचुरियात ते कोणाला ठाऊक नाही. मग चिकन जाऊन कोबीचे गोळे आले, मग कांदा-लसूण जाऊन जैन मंच्युरियन आलं, आणि आता शेजवान नावाची लाल चटणी डोशात, वड्यात, सँडविचमध्ये, जिथे फट मिळेल तिथे शिरते आहे. हिशेब बघा: जपान्यांनी आपल्या रश्श्याला मैदा लावला, आपण चिन्यांच्या रश्श्याला कॉर्नफ्लॉवर. आणि तरी आपला माणूस गाडीवाल्याला सांगतो, ‘काल ज्याच्याकडे खाल्लं त्याला चायनीज जमत नाही हो.’

जपानात जाऊन ‘खरं’ इंडियन शोधणाऱ्यांची तर वेगळीच परीक्षा असते. तिथली पुष्कळशी इंडियन हॉटेलं नेपाळी बांधव चालवतात. तिथे बटर चिकन असतं, लस्सी असते, नारिंगी ड्रेसिंग घातलेली कोबीची कोशिंबीर असते आणि ताटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबणारा नान असतो. आत चीज भरलेला नान वेगळा, त्यावर मध. साहजिकच जपानी सहकारी आपल्या माणसाला मोठ्या आदराने विचारतो, ‘तुम्ही घरी रोज नान खाता ना?’ आमच्या घरात तंदूर नाही, आम्ही पोळी खातो, नान आम्हीसुद्धा हॉटेलातच खातो, असं सांगितलं की त्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती येते. बिचाऱ्यांची परिस्थिती नसेल.

आणि २०२० मध्ये तर चक्र पुरं झालं. जपानची सगळ्यांत मोठी करी-साखळी, १९७८ मध्ये नागोयाजवळ सुरू झालेली ‘कोको इचिबान्या’, भारतात आली आणि गुरुग्राममध्ये तिने दुकान थाटलं. गाईचं आणि डुकराचं मांस वगळून, तिखटाच्या पायऱ्या ठेवून. सासुरवाशीण माहेरी आली ती परदेशी पाहुणी होऊन, आणि आपण तिला ‘जपानी पदार्थ बरा आहे हां’ म्हणून पैसे मोजून खाल्लं.

आमचा एक पुतण्या टोकियोत निशिकासाईला राहतो. तिथे आपली माणसं इतकी, की लिफ्टमध्ये मराठीत कुजबुजायची चोरी. मी गेलो तेव्हा सूनबाईंनी मुलासाठी म्हणून जपानी करी केली. घर शाकाहारी, त्यामुळे आधी वडीच्या खोक्याची पाठ फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरून भाषांतर वाचायचं काम झालं; पुष्कळशा वड्यांत गाईची नाहीतर डुकराची चरबी असते. तिसऱ्या खोक्याला मंजुरी मिळाली. बटाटा-गाजर शिजलं, वड्या विरघळल्या, रस्सा चकाकला, आणि मग सूनबाईंना राहवेना. पळीत तेल तापवून मोहरी, हिंग, कढीपत्ता, दोन मिरच्या अशी चरचरीत फोडणी तिने वरून ओतली, वर कोथिंबीर.

तिसरीतल्या चिरंजीवांनी पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

‘‘आई, ह्याला फोडणी कशाला दिलीस? करीला फोडणी नसते.’’

‘‘अरे, करी आपली आहे,’’ बाप म्हणाला.

‘‘तुमची वेगळी असेल. शाळेत अशी नसते.’’

बाप-लेकाचं चांगलंच जुंपलं. तेवढ्यात मी सूनबाईंकडे हळूच लसणीची चटणी मागितली आणि भाताच्या कडेला चमचाभर घेतली. दोघं भांडायचे थांबले.

‘‘आजोबा! करीवर चटणी?’’

‘‘काका, अहो, करीबरोबर नाही खात चटणी,’’ पुतण्यानेही सुरात सूर मिळवला.

१९०८ च्या आरमारी पुस्तकात करीबरोबर चटणी वाढावी असं स्पष्ट छापलंय, हे मी सांगून पाहिलं. जपानी आरमाराचा दाखला त्या घरात चालला नाही. सूनबाईंनी चटणीची बरणी उचलून फ्रिजमध्ये ठेवली आणि माझ्या पुढ्यात ते लाल, गोड लोणचं सरकवलं.